रंगकामानंतर उरलेले टर्पेंटाइन, थिनर आणि तेलकट चिंध्या: आधी कशाला हात घालावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील आपल्या सदनिकेत दारे, खिडक्यांचे ग्रिल आणि एक जुने सागवानी कपाट यांचे ऑइल पेंट व पॉलिशचे काम नुकतेच संपले आहे. कारागीर गेले आणि मागे टर्पेंटाइनचा एक अर्धा डबा, थोडा एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोजचे रंग व पॉलिश पातळ करण्याचा द्रव), ब्रश धुतलेल्या गढूळ द्रवाची बादली, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या हार्डनरची, म्हणजे पॉलिश घट्ट करणाऱ्या द्रवाची, लहान डबी आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात चिंध्यांचे गाठोडे राहिले. ‘मोरीत ओता आणि वरून भरपूर पाणी सोडा’ असे कारागिराने सांगितले, ते आपल्या मनाला पटले नाही आणि म्हणून आपण विचारत आहात. आपली शंका अगदी रास्त आहे. रंगकामाच्या जागांची आणि रंगांच्या गोदामांची सुरक्षा पाहणे हेच माझे काम असल्याने हा सल्ला मी अनेक घरांत ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी तो थांबवावा लागला आहे.

आपल्या यादीत चिंध्या सर्वांत शेवटी आहेत. मी मात्र त्यांच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बंद डब्यातील टर्पेंटाइन महिनाभर थांबू शकते, पण तेलकट चिंध्यांचे गाठोडे रात्रभरही तसे ठेवणे योग्य नाही. हे वाचून झाल्यावर नव्हे, तर आत्ताच उठून ते सोडवावे अशी माझी विनंती आहे.

याचे कारण असे. ऑइल पेंट, तेलाचे व्हार्निश आणि विशेषतः रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारे उकळलेले जवसाचे तेल हे पाण्यासारखे उडून सुकत नाहीत, तर हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होतात आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दाराच्या फळीवरील पातळ थरातून ती उष्णता सहज हवेत निघून जाते. तेच तेल चिंधीत मुरले आणि चिंध्यांचा बोळा करून तो बादलीत किंवा पिशवीत दाबला, तर धाग्याधाग्यावर पसरलेल्या तेलाला हवा भरपूर मिळते, पण निर्माण झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. आतला भाग तापतो, तापल्यामुळे क्रिया आणखी वेग घेते आणि काही तासांत काडी नाही, ठिणगी नाही, अशा स्थितीत गाठोडे धुमसू लागते. असे गाठोडे उघडून पाहिले तर वरच्या चिंध्या गार असतात, पण मधली मूठभर चिंधी हाताला कोमट लागते आणि तिला नेहमीच्या रंगाच्या वासापेक्षा निराळा, करपत आलेल्या तेलाचा वास येतो. त्या अवस्थेत ते कोपऱ्यात परत ठेवणे म्हणजे पेटण्याची वाट पाहणे होय.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग २२व्या मजल्यावर लाकूडकामाच्या पॉलिशनंतर टाकून ठेवलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांतून सुरू झाली होती. तो शनिवार होता आणि काम करणारे कामगार निघून गेले होते. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले, आठ मजले जळाले आणि ३०व्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे सुरू झाले तेव्हाच ती अडली.

म्हणून गाठोडे सोडवून प्रत्येक चिंधी वेगळी करावी आणि गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत दोरीवर, एकीवर दुसरी येणार नाही अशी, एकेरी पसरून वाळत घालावी. पेटत्या वस्तूपासून आणि लहान मुलांच्या हातापासून ती दूर असावी. दोनतीन दिवसांत ती पापडासारखी कडक झाली की तेलाची क्रिया संपत आली असे समजावे. गच्ची किंवा मोकळी जागा नसेल, तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात चिंध्या घालून त्या पूर्ण बुडतील इतके पाणी ओतावे, झाकण लावावे आणि कचरा म्हणून सुपूर्द करेपर्यंत तो डबा तसाच ठेवावा. फक्त थिनर किंवा स्पिरिट लागलेल्या चिंध्या आपोआप तापत नाहीत, पण कपाटाला चपड्याचे पॉलिश करताना बोळा सरकावा म्हणून कारागीर त्यावर तेलाचे थेंब घेतात. त्यामुळे कोणत्या चिंधीला काय लागले याचा शोध घेत बसण्यापेक्षा सर्वच चिंध्या तेलाच्या आहेत असे मानून वागणे शहाणपणाचे. लाकूड घासून निघालेल्या आणि तेल सांडलेल्या भुशालाही हेच लागू आहे.

आता द्रवांकडे वळू. अर्ध्या डब्यातील स्वच्छ टर्पेंटाइन हा मुळात कचराच नाही. दुकानात टर्पेंटाइन म्हणून जे मिळते ते बहुधा पेट्रोलियमपासून काढलेले मिनरल टर्पेंटाइन असते आणि झाकण घट्ट असले तर ते वर्षानुवर्षे टिकते. पुढच्या वेळी ग्रिलला हात मारताना ते लागेलच, आणि लागणार नसेल तर सोसायटीत गणपती-दिवाळीच्या आधी कुणाचे ना कुणाचे रंगकाम निघतेच, त्यांना द्यावे. रंगारी स्वतःही ते आनंदाने नेतो आणि दुसऱ्या कामावर वापरतो. माझे मत असे की स्वच्छ द्रव त्याला जरूर द्यावा, पण गढूळ द्रव आणि गाळ त्याच्या हवाली करू नये, कारण तो कुठे रिकामा होईल हे आपल्याला दिसणार नाही आणि बहुतेक वेळा तो जवळच्या नाल्यातच जाईल. उरलेले टर्पेंटाइन गावच्या घरी उपयोगी पडेल म्हणून रेल्वेने नेण्याचा विचार मात्र करू नये. धोकादायक वस्तू बेकायदा बरोबर नेणे हा रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि माणसांनी भरलेल्या रेल्वेच्या डब्यात झाकण सैल झाले तर काय होईल हे सांगायला नको.

साठवण करताना मूळ डबाच वापरावा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत टर्पेंटाइन भरण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर आहे आणि तिची किंमत लहान मुले देतात. स्वच्छ टर्पेंटाइन दिसायला पाण्यासारखेच असते. ते पोटात गेल्यापेक्षा श्वासनलिकेत उतरले तर अधिक घातक ठरते आणि फुप्फुसांना गंभीर सूज येते. म्हणूनच कुणी चुकून प्यायले तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये, तर डब्यासह तडक रुग्णालय गाठावे. एनसी थिनरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी की त्यातील अ‍ॅसिटोन, टोल्यूइन यांसारखे घटक अनेक प्रकारचे प्लास्टिक मऊ पाडतात किंवा विरघळवतात, त्यामुळे बाटली गळू लागते आणि ते आपल्याला वासावरूनच कळते.

डबा कुठे ठेवावा हे ठरवताना ऋतूचा विचार करावा. ज्या तापमानाला द्रवातून ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. मिनरल टर्पेंटाइनचा तो साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो, म्हणजे जानेवारीत पुण्याच्या घरात तुलनेने निरुपद्रवी असलेला डबा एप्रिल-मे महिन्यात उन्हाच्या गॅलरीत, आणि विदर्भात तर सावलीतसुद्धा, वेगळाच पदार्थ होतो. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश आणि अ‍ॅसिटोनचा शून्याखाली सुमारे २० अंश असल्याने थिनर महाराष्ट्रात कुठेही, कोणत्याही दिवशी ठिणगी मिळाली तर पेटू शकतो. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातील समईपर्यंत पोहोचते. स्वयंपाकघर, जिन्याखालची जागा, मीटरची खोली आणि इमारतीचा डक्ट या चारही जागा त्यासाठी वर्ज्य समजाव्यात. बाहेरच्या बाजूचे, सावलीचे, हवा खेळती असलेले आणि कुलूप लागणारे कपाट चांगले. डबा सांडला आणि घरात वास कोंडला, तर गॅसगळतीच्या वेळी करतो तेच करावे: विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, खिडक्या उघडाव्यात, सांडलेल्या द्रवावर कोरडी वाळू किंवा माती पसरावी. पाणी ओतू नये, कारण टर्पेंटाइन पाण्यावर तरंगते आणि आणखी पसरते. कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, टर्पेंटाइन-थिनरसारख्या द्रावकाची वाफ अडवत नाही, म्हणून मास्कवर विसंबून बंद खोलीत हे काम करू नये.

ब्रश धुतलेल्या गढूळ द्रवाची बादली पाहून आपल्याला वाटत असेल की हाच खरा कचरा. त्यातला बराचसा भाग परत मिळतो. रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा स्वच्छ पत्र्याचा डबा घ्यावा, त्यात तो द्रव हळूहळू ओतावा, झाकण घट्ट लावावे, वर ‘वापरलेले टर्पेंटाइन, ज्वलनशील’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि बरणी सावलीत न हलवता ठेवून द्यावी. काचेची बरणी घेतली तर काय घडते ते डोळ्यांनी दिसते: पहिल्या दिवशी सगळा द्रव रंगाच्या छटेचा आणि अपारदर्शक असतो, दोनतीन दिवसांत वरचा बोटभर थर पिवळसर पण आरपार दिसू लागतो आणि पुढे तळाशी दह्याच्या घट्टपणाचा रंगाचा गाळ बसून वर निवळ द्रव उरतो. रंग जितका बारीक दळलेला, तितका वेळ अधिक लागतो, आणि काही गडद रंगांना कित्येक आठवडे लागू शकतात. नंतर बरणी एका बाजूला हळूच कलती करून वरचा द्रव दुसऱ्या डब्यात निथळून घ्यावा. गाळ सरकू लागला की थांबावे, शेवटच्या चमचाभर द्रवाचा लोभ धरू नये. हा निथळलेला द्रव रंगात मिसळण्याच्या कामाचा नसला, तरी पुढच्या वेळी ब्रशची पहिली धुलाई करायला उत्तम चालतो. ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रावर पुसून कोरडा करावा, मग निथळलेल्या द्रवात धुवावा आणि शेवटी थोड्याशा ताज्या टर्पेंटाइनमध्ये बुचकळावा. या क्रमाने ताजे टर्पेंटाइन फारच कमी लागते आणि कचराही त्याच प्रमाणात घटतो. मात्र थिनरने धुतलेले ब्रश आणि टर्पेंटाइनने धुतलेले ब्रश यांचे द्रव कधीही एकत्र करू नयेत, नाहीतर दोन्ही पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत.

तळाचा गाळ हा मात्र खरोखर टाकायचा पदार्थ आहे. त्यात कोरडी वाळू इतकी मिसळावी की ओला द्रव दिसेनासा व्हावा. लाकडाचा भुसा स्वस्त आणि शोषक असला तरी तेलयुक्त रंगाबरोबर तोही चिंध्यांप्रमाणेच तापू शकतो, म्हणून मी वाळूच सुचवतो. हा लगदा पसरट पत्र्याच्या डब्यात उघड्यावर, पावसापासून आणि विस्तवापासून दूर ठेवून वाळू द्यावा आणि सुकला की झाकण लावून ठेवावा. लिटरभर स्वच्छ द्रव मात्र असा हवेत उडवून टाकू नये: ती वाफ आपल्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासात जाते आणि उन्हात इतर धुरांबरोबर मिळून जमिनीलगतच्या ओझोनला कारणीभूत होते.

हार्डनरची डबी लहान दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते. पाण्याशी किंवा दमट हवेशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि पाण्याचा अंश शिरलेली डबी घट्ट बंद केली तर ती फुगते. फुगलेली डबी उघडू नये. तिच्या जोडीचे पॉलिश उरले असेल, तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात दोन्ही एकत्र करून पसरट पत्र्यात पातळ थरात, उघड्या हवेत घट्ट होऊ द्यावे. मग ते निष्क्रिय घन बनते. जोडीचे पॉलिश नसेल तर डबी कोरड्या जागी तशीच ठेवून घातक कचऱ्यात द्यावी. सर्व उरलेले एकाच डब्यात ओतून मोकळे होण्याचा मोह टाळावा. विशेषतः पॉलिएस्टर लांबीचा किंवा पॉलिशचा पेरॉक्साइड असलेला हार्डनर आणि त्याबरोबर येणारा, क्रियेचा वेग वाढवणारा कोबाल्टचा अ‍ॅक्सलरेटर थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो, आणि ब्लीचिंग पावडर तेलकट पदार्थात किंवा स्पिरिटमध्ये मिसळली तरी तीव्र क्रिया होते.

आता मोरीत का ओतू नये, हे. टर्पेंटाइन पाण्यात विरघळत नाही. वरून कितीही पाणी सोडले तरी त्याचा काही भाग नहाणी ट्रॅपमधील पाण्यावर तरंगत राहतो आणि वाफ देत राहतो, आणि ती वाफ मोरीतूनच, कदाचित खालच्या मजल्यावरील न्हाणीघरात, बाहेर येते. पुण्यातील अनेक घरांत न्हाणीघरात गॅस गीझर असतो, हे लक्षात घेतले तर पुढचे सांगावे लागत नाही. पीव्हीसी पाइप जोडण्यासाठी प्लंबर जे सोल्युशन वापरतो तेही द्रावकांचेच बनलेले असते, त्यामुळे तीव्र थिनर पाइपांच्या सांध्यांना चांगला नाही हे उघड आहे. मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असतो. तो जिवाणूंच्या जोरावर चालतो आणि द्रावक त्या जिवाणूंना मारक ठरतात. सेप्टिक टँकचेही तसेच. कोकणात तर शोषखड्डा आणि विहीर यांच्यात अनेकदा फार अंतर नसते आणि मधला जांभा सच्छिद्र असतो. पण माझ्या मनात पहिला येतो तो चेंबरमध्ये उतरणारा सफाई कामगार. बंद जागेत साचलेली वाफ त्याला भोवळ आणते आणि चेंबरमध्ये आलेली भोवळ जिवावर बेतते. अंगणात किंवा शेतात ओतणे, शेकोटीवर टाकणे, चुलीवर शिंपडणे हेही तितकेच वाईट. उघड्या डब्यातून विस्तवावर थिनर ओतताना ज्वाळा धारेवरून डब्यापर्यंत परत येते आणि ओतणारा भाजतो.

मग हे द्यायचे कुठे? केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ ने ‘घरगुती घातक कचरा’ असा ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा गट ठरवला आणि त्यात रंगाच्या टाकाऊ डब्यांचा उल्लेख नावानिशी केला. शहरांत प्रत्येक २० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी किंवा त्याच्या भागासाठी असा कचरा जमा करण्याचे एक केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, ही जबाबदारी त्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली. गटारात टाकणे, जाळणे किंवा उघड्यावर पुरणे यांवर त्याच नियमांनी बंदी घातली. प्रत्यक्षात केंद्राचा पत्ता घरबसल्या सापडतोच असे नाही. त्यासाठी पुण्यात आपल्या क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकांना, मुंबईत विभाग कार्यालयाच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याला विचारावे, आणि एकट्याने विचारण्यापेक्षा सोसायटीच्या पत्रावर लेखी विचारले तर उत्तर लवकर मिळते असा माझा अनुभव आहे. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी मोठी सामायिक केंद्रे आहेत, पण ती कारखान्यांच्या कचऱ्यासाठी उभारलेली असल्याने हातात डबा घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. आपला कचरा पालिकेच्या मार्गानेच जायला हवा. सोसायटीत वर्षभर कुणाचे ना कुणाचे नूतनीकरण चालू असते, तेव्हा वाळलेला गाळ, कडक झालेल्या चिंध्या आणि हार्डनरच्या डब्या एका कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत, विजेच्या साहित्यापासून दूर जमा करून वर्षातून एकदोनदा एकत्र देणे हा सर्वांत व्यवहार्य उपाय मी पाहिला आहे. देताना प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते ठळक मराठीत लिहावे आणि घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ताईंना तोंडीही सांगावे, कारण त्या हातांनी कचरा वेगळा करतात. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत हे लपवून देणे म्हणजे त्यांच्या हातांशी खेळणे आहे.

राहिले रिकामे डबे. रिकामा झालेला थिनरचा डबा भरलेल्या डब्यापेक्षा अधिक धोक्याचा असू शकतो, कारण आत उरलेली थोडी वाफ आणि हवा यांचे मिश्रण बंदच राहते आणि भंगारच्या दुकानात गॅस कटर किंवा छिन्नी-हातोडा चालला की ते स्फोट घडवते. म्हणून डबा पूर्ण निथळून घ्यावा, झाकण काढून गच्चीवर उलटा, खाली दोन विटा ठेवून, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावा. आतल्या रंगाचा थर कडक झाला आणि वास राहिला नाही की, हाताने खिळा ठोकून तळाला भोक पाडावे, म्हणजे पुढे कुणी त्यात पाणी किंवा धान्य भरणार नाही. असा डबा पत्रा म्हणून भंगारात जाऊ शकतो. झाकण मात्र त्यावर लावून देऊ नये, ते वेगळे द्यावे, म्हणजे आत काही उरलेले नाही हे घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.